पपईच्या चिकातून पपेन: शहाद्याकडच्या शेतातल्या नोंदी

आधी काय बनवतोय ते सांगतो. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक गळतो, तो गोळा करून वाळवायचा आणि पावडर करायची. त्यातलं मुख्य एन्झाइम म्हणजे पपेन, प्रथिनं तोडणारं. मटण मऊ करायच्या पावडरीत, चामड्याच्या कामात, बिअर थंड झाल्यावर गढूळ दिसू नये म्हणून, काही औषधांत, असं बऱ्याच ठिकाणी जातं. आमच्याकडे तैवान ७८६ आहे म्हणजे खायची पपई, चिकासाठीची जात नाही. नानांनी एकाच अटीवर परवानगी दिली, मालाच्या फळाला हात लावायचा नाही, कारण चिरेचा डाग दिसला की व्यापारी ते फळ बाजूला फेकतो आणि भावाची घासाघीस तर आपल्याकडे दरवर्षीचीच आहे. म्हणून वाकडी, जोडलेली, डागी पण पोसलेली फळं तेवढी मी घेतली. कुणाला घरच्या घरी करून पाहायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय.

२६ ऑक्टोबर

सामान आणलं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा ३५० रुपये, स्टीलच्या पात्याचे कटर दोन १२० रुपये, रबरी हातमोजे, प्लास्टिकचे ट्रे, साधा काचेचा थर्मामीटर. चीक हवेनं खराब होऊ नये म्हणून त्यात घालायचं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लगेच मिळालं नाही, दुकानदार म्हणाला मागवून देतो. तोवर थांबायला पाहिजे होतं पण धीर निघाला नाही.

चीक धरायला एक जुनी छत्री मधोमध कापून उलटी खोडाला बांधली, चार-पाच फळांखाली एकदम येते. दिसायला भारी जुगाड. काकूनं बांधावरून पाहिलं आणि म्हणाली, "तुले येड लागनं का रे, आभाय निरभ्र शे आनि छत्री बांधस?"

२८ ऑक्टोबर

सकाळी सहाला सुरुवात. चीक पहाटेच चांगला वाहतो, दहा वाजले आणि ऊन तापलं की थेंब थेंब होऊन बंद पडतो. फळ पूर्ण पोसलेलं पण हिरवंगार पाहिजे, म्हणजे फळधारणेपासून साधारण ७५ ते ९० दिवसांचं. पिवळी झाक आली की चीक जवळजवळ संपलेला असतो, पिकल्यावर तर नसतोच.

प्रत्येक फळाला देठाकडून टोकाकडे चार उभ्या चिरा, खोली ३ मिलिमीटरच्या आत. ह्याच्यापेक्षा खोल गेलात तर गराचं पाणी मिसळतं आणि चीक पातळ होतो, शिवाय फळ सडतं. पहिल्या दहा मिनिटांत धार लागते, नंतर चीक जागेवरच घट्ट व्हायला लागतो, तो बांबूच्या काडीनं हलकेच खरवडून घ्यायचा. ४० फळांतून २६० ग्रॅम ओला चीक निघाला. पुढची चीर त्याच फळाला तीन-चार दिवसांनी, आधीच्या दोन चिरांच्या मधल्या जागेत.

आता काय बिघडलं ते. दोन कटर दोघांकडे होते, तिसऱ्या माणसानं आपला नेहमीचा लोखंडी विळा वापरला, आणि छत्रीच्या काड्याही गंजलेल्या होत्या हे तेव्हा कुणाच्या लक्षात नाही आलं. विळ्याचा आणि छत्रीचा चीक दुपारपर्यंत राखाडी पडला, कटरचा आणि थेट ट्रेमध्ये धरलेला पांढराच राहिला. कारण असं की पपेन म्हणजे २१२ अमिनो आम्लांची एक साखळी आहे, पण प्रत्यक्ष काम करणारी जागा त्यात एवढीशी. २५ व्या जागेवरचं सिस्टीन आणि १५९ व्या जागेवरचं हिस्टिडिन, हे दोघं साखळीत लांब असले तरी घडी पडल्यावर शेजारी येतात आणि प्रथिनाचा बंध तोडतात. त्या सिस्टीनच्या टोकाला गंधक असतो. जड धातू आला किंवा हवेतल्या ऑक्सिजननं पकडलं की तो गंधक अडकतो आणि बाकीची साखळी शाबूत असून सुद्धा एन्झाइम बसून राहतं. म्हणून लोखंड, तांबं, पितळ काही चालत नाही. स्टील, काच, प्लास्टिक, बांबू एवढंच.

छत्री काढून टाकली. आता प्लास्टिकचा कागद सुतळीनं बांधतो.

२९ ऑक्टोबर

उन्हात वाळवायचा प्रयत्न. आपल्याकडे ऊन फुकट आहे, मग ड्रायर कशाला, असा हिशोब. ट्रेमध्ये पातळ थर पसरवला, वर मलमलचं फडकं. संध्याकाळपर्यंत वरून साय धरली, आत ओलंच. रात्री दव. दुसऱ्या दिवशी माश्या, कापसाच्या गाडीची धूळ, आणि रंग गुळासारखा. वास असा की आईनं ट्रे गच्चीवरून थेट गोठ्याकडे नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी वाळलं, ५० ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे ओल्या चिकाच्या पाचवा हिस्सा, वजनाला बरोबर आहे कारण चिकात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पण वजन बरोबर म्हणजे माल बरोबर असं नाही, ते पुढं कळलं.

२ नोव्हेंबर

पावडर झाली, पण त्यात जीव आहे की नाही हे कसं कळणार? पपेन विकतात ते किलोनं नाही, त्याच्या काम करण्याच्या ताकदीवर. लॅबचं मशीन आपल्याकडे नाही.

आधी दूध. गाईचं कच्चं दूध ४० डिग्रीला, त्यात चिमूटभर पावडर पाण्यात कालवून घातली. ताज्या चिकानं दूध बघता बघता फाटलं, उन्हातल्या पावडरीनं बराच वेळ घेतला. पण दूध रोज सारखं नसतं, सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, तापवलेलं तर अजून वेगळं, त्यामुळं आजची वेळ आणि परवाची वेळ ताडून बघता येईना. फाटलेलं दूध तसंच ठेवलं तर नंतर कडू झालं, चाखून पाहिलं. एन्झाइम फक्त फाडून थांबत नाही, प्रथिनाचे आणखी बारीक तुकडे करत जातं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते.

५ नोव्हेंबर

दुसरी टेस्ट, एक्स-रे फिल्म. फिल्मवर चांदी असते ती जिलेटिनच्या थरात बसवलेली, जिलेटिन म्हणजे प्रथिन, पपेननं ते खाल्लं की काळा थर सुटतो आणि खालचं प्लास्टिक स्वच्छ दिसतं. किती मिनिटांत सुटतो ते मोजायचं. चुलतभावाच्या मोडलेल्या हाताची फिल्म घरात होती, तिच्या पट्ट्या कापल्या. तासभर ठेवली, काहीच नाही. ताजा चीक घातला तरी नाही. मग वाटलं पावडर, चीक, मी, सगळंच मेलंय.

निघालं असं की ती फिल्म नवीन, डिजिटल प्रिंटवाली होती, तिच्यावर थर प्लास्टिकसारख्या पदार्थात बसवलेला असतो, जिलेटिनमध्ये नाही. प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमला तिथं तोडायला काही नाहीच. एन्झाइम असंच असतं, ज्याचा आकार त्याच्या खाचेत बसतो त्यालाच धरणार, शेजारी दुसरं काहीही ठेवा, ढुंकून बघणार नाही. मग नानांच्या जुन्या पाठीच्या एक्स-रेची फिल्म काढली, अंधाऱ्या खोलीत औषधात बुडवून धुवायचे त्या काळातली. ती चालली.

माझी पद्धत: पावडर ०.२ ग्रॅम किंवा ताजा चीक १ ग्रॅम, ५० मिलि पाण्यात, पाणी ४० डिग्री, ग्लास कॅसरोलमध्ये कोमट पाण्यात ठेवायचा म्हणजे तापमान टिकतं. पट्टी बुडवून दर मिनिटाला बोटानं, हातमोजा घालून, घासून बघायची. ताजा चीक ९ मिनिटं. उन्हातली पावडर ४७ मिनिटं. विळ्याच्या चिकाची पावडर तासाभरात अर्धवट. उकळलेला चीक, काही नाही. नुसतं पाणी, काही नाही. शेवटचे दोन ग्लास दर वेळी ठेवाच, मी एकदा घाईत ६० डिग्रीला केलं तर नुसत्या पाण्यात सुद्धा जिलेटिन ढिलं पडलं आणि ती सगळी संध्याकाळ वाया.

९ नोव्हेंबर

हा भाग वाचल्याशिवाय कुणी सुरू करू नका. सुरुवातीला मोजे न घालता काम करणाऱ्या मावशींच्या बोटांची सालं निघाली. दुखत नव्हतं फार, पण रेशनच्या दुकानात मशीन त्यांचा अंगठाच घेईना. आपली कातडीही प्रथिनच आहे, पपेनला मटण आणि माणूस यातला फरक कळत नाही. त्यांचं धान्य त्या दिवशी राहिलं, नंतर मिळालं, पण तेव्हापासून मोजे नसतील तर कामच नाही. डोळ्यांना चष्मा, कारण फळं डोक्याच्या वर असतात आणि चीक खाली गळतो. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुऊन सरळ डॉक्टर. पावडर दळताना मास्क, तेही घराबाहेर, ही धूळ नाकात गेली की शिंका आणि काहींना दम्यासारखं होतं. एकदा ॲलर्जी बसली की पुढं थोड्या धुळीनंही त्रास होतो.

मावशींनी एक चांगला प्रश्न विचारला. एवढं कातडी खाणारं आहे तर पपई स्वतःला कशी खात नाही? झाड ते चिकाच्या नळ्यांमध्ये झाकण लावलेल्या स्थितीत ठेवतं. साखळीला पुढं एक जास्तीचा तुकडा जोडलेला असतो, तो काम करणारी खाच झाकून टाकतो. फळाला जखम झाली की काही मिनिटांत तो तुकडा कापला जातो आणि एन्झाइम चालू होतं. अळीनं पान कुरतडलं की तिच्या तोंडात हेच येतं, झाडाचं संरक्षण ते. आपल्या पोटातही तसंच आहे, पेप्सिन जठरात आधी बंद रूपात सुटतं आणि आम्लात आल्यावर चालू होतं. फरक एवढाच की पेप्सिनला कडक आम्ल लागतं आणि पपेन साधारण ६ ते ७ पीएचला खुश असतं.

१६ नोव्हेंबर

ड्रायर. प्लायवूडचं खोकं, खाली १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, २५० रुपयांचा टेंपरेचर कंट्रोलर, नायलॉनच्या जाळीवर ट्रे. सगळं मिळून १,१०० रुपये, प्लायवूड घरचं. कंट्रोलर ५५ ला सेट केला.

पहिल्या बॅचचा रंग वरच्या ट्रेमध्ये मस्त, फिकट पांढरा. खालच्या ट्रेमध्ये तपकिरी पापड. फिल्मवर वरची २० मिनिटं, खालची काहीच नाही. काचेचा थर्मामीटर खालच्या ट्रेवर ठेवला तर ८० दाखवतोय आणि कंट्रोलर शांतपणे ५३. त्याची वायर दाराजवळ लटकत होती, थंड हवा तिथूनच आत येत होती. म्हणजे तो दाराचं तापमान मोजत होता.

पपेन तसं उष्णतेला चिवट आहे, थोड्या वेळासाठी ६५ ला उलट सगळ्यात जोरात चालतं. पण ओल्या अवस्थेत तासन्‌तास ८० म्हणजे साखळीची घडीच उलगडते, आणि उकडलेलं अंडं थंड केलं म्हणून परत कच्चं होत नाही, तसंच हे. वायर मधल्या ट्रेला बांधली, बल्ब आणि ट्रेच्या मध्ये एक आडवी फळी टाकली, पंखा खालून वर ढकलेल असा फिरवला. आता सगळीकडे ५१ ते ५६.

२१ नोव्हेंबर

रात्री लाइट गेली. अर्धवट वाळलेला चीक कोमट खोक्यात बंद, सकाळी वास. फेकला. पावणेतीनशे ग्रॅम ओला चीक आणि दोन माणसांची सकाळची मजुरी, साधारण ५०० रुपये पाण्यात. तेव्हापासून चीक काढल्यावर थेट ड्रायर, आणि ड्रायर दिवसाच लावायचा, रात्री नाही. वाळून पूर्ण होत नसेल तर उरलेला चीक बंद डब्यात फ्रिजमध्ये.

२७ नोव्हेंबर

मेटाबायसल्फाइट आलं. प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम चिकाला फक्त ०.१५ ग्रॅम. एवढं थेट मोजू नका, काटा चुकतो. १.५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिलि घाला. चीक गाळून, लगेच मिसळून, ३ मिलिमीटरच्या पातळ थरात ५५ डिग्रीला. थर जाड झाला की वरून कडक, आत ओलं.

ह्याचं काम म्हणजे ऑक्सिजनला आधी स्वतःकडे ओढून घेणं, म्हणजे त्या सिस्टीनच्या गंधकाला हवा लागत नाही. रंगही उजळ राहतो.

वाळलं की नाही ते ओळखायचं कसं, तर बोटात दाबल्यावर भुगा झाला पाहिजे, चिकटायला नको. फिल्मवर वेळ १३ मिनिटं. उन्हातली ४७, ही १३, आणि ताजा चीक ९. ह्या आकड्यावर नाना पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

३ डिसेंबर

सकाळी टेस्ट केली तर चांगल्या बॅचला ४० मिनिटं. घाबरलो. मग थर्मामीटर बघितला, कॅसरोलमधलं पाणी रात्रीचं राहिलेलं, १८ डिग्री. नंदुरबारकडची थंडी. पाणी ४० ला आणलं, परत १३. थंडीत एन्झाइम मरत नाही, फक्त हळू चालतं, गरम केलं की पुन्हा जोरात. तापून मेलेलं मात्र थंड करून येत नाही. दोन बॅचची तुलना करताना तापमान सारखं नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

८ डिसेंबर

रविवार, मटण. खान्देशात कच्ची पपई वाटून लावतातच, म्हणून पावडरचा प्रयोग. अर्ध्या किलोला पाव चमचा लावून रात्रभर ठेवलं, सकाळी वरचा भाग लगदा आणि आतला तसाच चिवट. एन्झाइम मांसात खोल जात नाही, जिथं लागलं तिथंच खात बसतं. दुसऱ्या वेळी दोन चिमूट पाण्यात कालवून, काट्यानं टोचून टोचून, फक्त अर्धा तास, मग मंद आचेवर चढवलं. खरं काम चुलीवरच होतं, मांस ५० ते ७० डिग्रीच्या मधून जाताना, आणि नंतर रस्सा खदखदला की एन्झाइमचं प्रकरण मिटतं, म्हणून खाणाऱ्याला धोका नाही. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात पपईचा वास अजिबात आला नाही. आईचा निकाल: वाटलेली कच्ची पपईच बरी, फुकट आहे.

मध्येच एक गोष्ट, वाचताना सापडली म्हणून. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर ह्यांनी ह्याच पपेननं सशाच्या अँटीबॉडीचे तीन तुकडे केले, त्यातले दोन तुकडे जंतू धरणारे आणि एक वेगळाच. त्यावरून अँटीबॉडीची रचना उलगडायला लागली आणि १९७२ ला त्यांना जेराल्ड एडेलमन ह्यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पपेननं पूर्ण भुगा न करता नेमक्या कमकुवत जागी कापलं म्हणून ते जमलं. मी मटणाचा लगदा करत बसलो होतो.

२२ डिसेंबर

चीक कमी झालाय. त्याच फळांना चौथ्यांदा चीर दिली तर पहिल्या वेळेच्या तिसरा हिस्सा पण नाही, आणि थंडीत धार जड. ठिबक आदल्या संध्याकाळी सोडलं तर सकाळी फरक पडतो, झाडाला पाण्याचा ताण असेल तर चीक येतच नाही. चिरलेली फळं फेकू नका, टुटीफ्रुटीवाले कच्चीच घेतात, त्यांना सालीवरच्या डागाशी देणंघेणं नाही, साल काढूनच टाकतात. भाव कमी, पण मजुरी निघाली.

१२ जानेवारी

एका खरेदीदाराशी फोन झाला. त्यांनी रंग विचारला नाही, फक्त ताकद किती युनिट आणि महिन्याला किती किलो. माझ्याकडे युनिटचा रिपोर्ट नाही आणि एकूण पावडर पाऊण किलोच्या आत. नमुना प्रयोगशाळेत तपासायला पैसे वेगळे. आत्तापर्यंतचा खर्च ड्रायर, सामान, मजुरी, फेकलेल्या बॅचेस धरून ६,००० च्या वर गेलाय आणि विक्री शून्य, टुटीफ्रुटीचे तेवढे आले. हे तैवानच्या उरल्यासुरल्या फळांवर धंदा म्हणून होणार नाही. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाची को-२ जात चिकासाठीही आहे, तिच्या एका फळातून ४ ते ६ ग्रॅम वाळलेलं पपेन मिळतं असं ते सांगतात. मला तैवानच्या फळात सगळ्या चिरा मिळून त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

२० फेब्रुवारी

२७ नोव्हेंबरच्या बॅचची तीन पाकिटं ठेवली होती. हवाबंद, फ्रिजमध्ये: १५ मिनिटं. हवाबंद, कपाटात: २६. साध्या पिशवीत, गाठ मारून, खिडकीजवळ: ५० च्या पुढं, आणि ढेकळं झालेली. आत्ताच दुपारी ऊन लागायला लागलंय, एप्रिल-मेमध्ये कपाटातल्याचं काय होईल ते दिसतंच आहे. पाकिटावर नुसती तारीख लिहू नका, त्या दिवशीची फिल्मची वेळ पण लिहा.

विहिरीकडच्या दोन सऱ्या नानांनी को-२ साठी द्यायचं कबूल केलंय. ह्या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी, त्यामुळं एका खड्ड्यात जास्त रोपं लावून फुलं आल्यावर जादा नर काढावे लागतील, परागीभवनापुरते थोडे ठेवून. बी मागवलंय.